तव्यावरची विलायत

"मिसरी भाजीते, तवा चुलीवर काळा,
धुरात दिसतो मला माहेराचा मळा..."

आईला जाऊन बारा वर्षं झाली, तरी गळ्यात हलगी अडकवली की भावकूच्या कानात आधी तिची ही ओवी घुमायची. मग तोंडातून दवंडी निघायची, "ऐका हो ऐका! इलायती शिगरेट, फुकाट!"

जर्मनचं युद्ध सरून वर्ष-दोन वर्षं झालेली. निपाणीच्या मुलखात शिवारभर तंबाखू, आणि तिथंच एका गोऱ्या कंपनीला आपली सिगारेट खपवायची होती. साहेबाची युक्ती साधी: सहा महिने फुकट वाटा, चटक लागली की विका. वाटायला बैलगाडी, गाडीपुढं भावकू. त्याला लाल कोट मिळाला होता. खप वाढला तर कायमची नोकरी, असं बेळगावहून आलेल्या श्रीपादराव कारकुनांनी सांगून ठेवलेलं.

आणि खप काय वाढला म्हणता! पुरुष एकेक घ्यायचे, बायका ओटीभर न्यायच्या. गाडी पुढं सरकली की घराघराच्या कौलांतून धूर. साहेब गाडीत उभा राहून हरखला.

श्रीपादराव म्हणाले, "साहेब म्हणतात, जगात कुठं घडलं नाही ते इथं घडलं. बायका ओढायला लागल्या! आता खास बायकांसाठी गुलाबी पाकीट. आजच विलायतेला तार करायची."

भावकूनं हलगीवर उगाच टिपरी मारली. खरं काय ते त्याला ठाऊक होतं. पण लाल कोट लई उबदार होता.

तारेआधी साहेबाला डोळ्यांनी बघायचं होतं. तो खाली उतरला आणि दारातल्या अंबुबाईपुढं सिगारेट धरून त्यानं स्वतः काडी ओढली. अंबुबाई सत्तरीची, भावकूच्या आईची जात्यावरची जोडीदारीण. सगळी गल्ली जमली.

"अगं बया! भावकू, ह्यो मुडदा माझ्या त्वांडाला आग लावतोय का रं? मी अजून जित्ती हाय म्हणावं!"

गल्ली खदखदली. अंबुबाईनं पदर नाकापर्यंत ओढला. म्हातारीचे डोळे मात्र भरून आले होते.

भावकूनं फुंकर मारून काडी विझवली. कोटाची गुंडी सोडली, मग दुसरी.

"श्रीपादराव, सायबास्नी सांगा. ह्या बायका वढत न्हाईत. कागद फाडून तंबाखू तव्यावर भाजत्यात, कुटत्यात, आन त्या मिसरीनं दात घासत्यात. धूर त्यो तव्याचा. माझी आय बी त्येच करायची. पयल्या दिसापासनं ठावं हुतं मला."