एक पाय आत

पंचांच्या परीक्षेत ग्रंथपालबाई दोनदा नापास झाल्या, त्या एकाच शिट्टीपायी. वाचनालयात कुणी कुजबुजलं रे कुजबुजलं की "शू!" करायची वीस वर्षांची सवय, बास्केटबॉलच्या मैदानावरही तेच. चेंडू मध्यरेषेवरून जरा मागे गेला की यांची शिट्टी वाजलीच. आता तिसरी आणि शेवटची संधी होती, आणि पंच व्हायचं वेड काही डोक्यातून जात नव्हतं.

"पुढे नेलेला चेंडू मागे आणायचा नाही, हे खरं," आदल्या दिवशी बाई नवऱ्याला समजावत होत्या, "पण चेंडू आपटत येणारा पुढे गेला, असं म्हणायचं कधी?"

नवऱ्याने वर्तमानपत्राआडून "हं" केलं. सासूबाई नेहमीप्रमाणे उंबऱ्यात उभ्या, एक पाय आत, एक बाहेर. बावीस वर्षांत सुनेच्या खोलीत त्या कधी शिरल्या नाहीत. तिथूनच अर्धा अर्धा तास टोमणे मारायच्या आणि वर म्हणायच्या, "मी काही आत आलेली नाही हो!"

दुसऱ्या दिवशी परीक्षेचा सामना अगदी अटीतटीचा झाला. शेवटचं अर्धं मिनिट उरलं होतं. एक ठेंगणी खेळाडू चेंडू आपटत मध्यरेषेशी आली. चेंडू पलीकडे पडला, तिचा एक पायही पलीकडे पडला. तेवढ्यात समोरची अंगावर आली आणि ठेंगणीने चेंडू मागे ओढला.

"बॅककोर्ट! चेंडू मागे नेला!" समोरच्या संघाचा कोच ओरडला. बाईंचे गाल फुगलेच होते. पण ठेंगणीचा मागे राहिलेला पाय दिसला, आणि डोळ्यांपुढे सासूबाई उभ्या राहिल्या. शिट्टी दातांतच राहिली. खेळ चालू राहिला, ठेंगणीने बास्केट केली आणि कोच तणतणत धावून आला.

"का नाही वाजवली?" परीक्षकांनी विचारलं.

"साहेब, एक पाय मागेच होता. दोन्ही पाय आणि चेंडू, तिन्ही पुढे आल्याशिवाय ती पुढे आलेलीच नाही. मग मागे गेली कशी?"

परीक्षक हसले आणि त्यांनी तिथेच सही ठोकली.

संध्याकाळी बाई पलंगावर बसून बूट सोडत होत्या. उंबऱ्यातून प्रश्न आला, "झालीस का पास?"

"झाले, आई. तुमच्यामुळेच!" आणि बाईंनी सगळं सांगितलं.

सासूबाई जरा वेळ आपल्या पायांकडे बघत राहिल्या. "म्हणजे बावीस वर्षं मी आत आलेच नाही म्हण की."

मग त्यांनी दुसरा पाय उचलला, आत ठेवला आणि सुनेला खेटून पलंगावर बसल्या. "वाजव आता काय वाजवायची ती."

बाईंनी शिट्टी तोंडात धरली, पण हसू आवरेना, रडूही आवरेना. शिट्टी काही वाजली नाही.