दार लावून घेतलेली बैठक

या, असे पुढे सरकून बसा. मागे राहिलात तर मला आवाज चढवावा लागेल, आणि चढवलेल्या आवाजाने काय होतं तेच तर आज सांगायचंय. देवाने डोळ्यांना पापण्या दिल्या, तोंडाला ओठ दिले, कानांना मात्र दार बसवलं नाही. आपल्याला वाटतं, विसरला असेल. तो कसला विसरतोय.

एका शहरात नगरपालिकेच्या मागे एक गल्ली होती. महामारीत तिथे लसीची रांग लागायची, म्हणून दोन्ही तोंडांना कठडे लावून गाड्या बंद केल्या. साथ ओसरली, रांग गेली, कठडे तसेच राहिले. रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. पोरं तिथे सायकल शिकू लागली, दुखण्यातून उठलेली म्हातारी माणसं काठी टेकत फेऱ्या घालू लागली, आणि इस्त्रीवाल्या मावशींनी भिंतीला लागून टेबल मांडलं. साथीत त्यांचं भाड्याचं दुकान सुटलं होतं. आता चूल पेटायची ती त्या टेबलाच्या जिवावर.

नगराध्यक्षांना सगळं गाव ताई म्हणायचं. त्यांचे कपडेही मावशींकडेच असायचे, आणि प्रत्येक कपड्याबरोबर एक टोमणा फुकट. कॉलर मी कडक करून देते, मान तुझी तू ताठ ठेव, असं मावशी म्हणायच्या आणि ताई हसून निघून जायच्या.

पण मान ताठ ठेवणं सोपं नव्हतं. ताईंची खुर्ची उभी होती उपाध्यक्षांच्या टेकूवर. हे दादासाहेब. माणूस वाईट नव्हे, घाईचा. साथीत बाजार झोपलाय, तो उठवायचा तर गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा हवी, गल्ली उघडा आणि कडेने पार्किंग करा, हा त्यांचा धोशा. ताई चालढकल करत होत्या. शेवटी दादासाहेबांनी सांगून टाकलं की गल्ली उघडली नाही, तर टेकू काढून घेईन.

म्हणून ठरली नगरसेवकांची एक गुप्त बैठक. वरच्या मजल्यावरचं सभागृह, नवा रंग, नव्या खुर्च्या, दाराला आतून कडी.

आता या मंडळींची एक गंमत ऐका. साथीची दोन वर्षं त्यांच्या सभा अंगणात झाल्या होत्या. तोंडाला मास्क, दोघांमध्ये दोन हात अंतर, त्यामुळे साधा नमस्कारसुद्धा ओरडून घालावा लागे. मास्क गेले, पण गळे तसेच राहिले. दुसरी सवय खिडक्यांची. कोंदट जागेत बसायचं नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की जो येईल तो आपल्या शेजारची खिडकी उघडून मगच खुर्चीत बसे. त्या दिवशीही तसंच झालं. दाराला कडी, आणि सगळ्या खिडक्या सताड उघड्या, थेट गल्लीवर.

दादासाहेब उठले. ही गोष्ट या चार भिंतींबाहेर जाता कामा नये, असं त्यांनी अशा आवाजात बजावलं की खाली मावशींच्या हातातली इस्त्री थांबली. मग ते म्हणाले, लोक चार दिवस कुरकुर करतील आणि गप्प बसतील. इस्त्रीवाल्या बाईला नव्या बाजारात गाळा देऊ म्हणून सांगा. नवा बाजार कुठे आहे, असं कुणीतरी विचारलं. कुठेच नाही, पण तिला कुठे माहीत आहे, असं उत्तर आलं.

सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"बरं," त्या म्हणाल्या. "मावशींना मी समजावेन."

"समजावायला कशाला खाली उतरतेस?" खिडकीतून आवाज आला. "मला इथे सगळं स्वच्छ ऐकू येतंय."

दादासाहेब खिडकी लावायला धावले आणि तिथेच खिळले. खाली सायकली थांबल्या होत्या, काठ्या थांबल्या होत्या, गल्लीभर माना वर. आणि त्या घोळक्यात खुद्द त्यांचे वडील, अण्णा. दुखण्यातून उठल्यापासून ते रोज इथेच चालायचे. घराच्या कर्त्या मुलाला शहराच्या कामातून ते कळायला सवड नव्हती. अण्णांना घरात दाराची घंटा ऐकू येत नसे. त्यांनासुद्धा ऐकू गेलं होतं.

ताई उठल्या, खिडकीपाशी आल्या, आणि सगळ्यांना तिथेच बोलावलं. मघाचं बरं मी मागे घेते, त्या म्हणाल्या. गाड्यांसाठी पलीकडच्या बंद गोदामाचं आवार साफ करून घेऊ, दुकानांचा माल पहाटे गल्लीतून येऊ दे. एवढ्यावर भागत नसेल, गल्ली उघडायचीच असेल, तर हात वर करा. पण इथे, उजेडात, खालच्यांना दिसेल असा.

एकच हात वर झाला. दादासाहेब शब्दाचे पक्के, त्यांनी हात खाली घेतला नाही.

"हात वर केलाच आहेस," अण्णा खालून म्हणाले, "तर तसाच खाली ये आणि मला धर. पाय भरून आलेत."

गल्ली हसली, सभागृह हसलं, आणि मान खाली घालून का होईना, दादासाहेबही हसले.

सभा उठल्यावर ताई मावशींच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, मी बरं म्हणाले होते."

"ऐकलं मी," मावशी म्हणाल्या. "नंतरचंही ऐकलं. जरा बाजूला हो, उजेड अडतोय."

पुढे काय झालं म्हणाल, तर दादासाहेबांनी टेकू काढला. ताईंची खुर्ची गेली आणि दादासाहेब तिच्यावर बसले. पण गल्लीला हात लावायची त्यांची छाती झाली नाही, अण्णांच्या फेऱ्या चालूच होत्या ना. टेबल आहे तिथे आहे, आणि कपडे द्यायला ताई अजून येतात, टोमणे खातात, हसत जातात.

तर बाबांनो, आयांनो, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या ताईची आठवण ठेवा. कधीच चुकली नाही म्हणून नव्हे. चुकीचा शब्द तोंडातून गेल्यावर चारचौघांत तो परत घेतला म्हणून.