कापसातली ठिणगी

“डोळे मीट गं, इकडे बघू नकोस!”

जन्मताना मी ऐकलेला हा पहिला आवाज. गच्चीवर पाण्याच्या टाकीखालचं लोखंडी स्टँड वेल्ड करताना आईने लेकीला दटावलं आणि त्याच क्षणी मी तडतडत उडाले. हवेतच गोल झाले, थिजले, कोपऱ्यातल्या धुळीत जाऊन पडले.

मित्रांनो, मी एक जुनी ठिणगी आहे. खसखशीएवढी, काळी, टणक. माझ्या डबीवर मात्र ‘उल्काकण’ असं लिहिलं आहे.

झालं असं, की उल्कावर्षाव पाहिल्यावर दुसऱ्या सकाळी लेकीने गच्चीतली धूळ गोळा केली आणि तिच्यावरून लोहचुंबक फिरवला. लोहचुंबक आला, मी गेले. आम्हा लोखंडाच्या लेकरांना ‘नाही’ म्हणता येत नाही.

“सापडला!” ती ओरडत जिना उतरली.

मावशी म्हणाली, “गच्ची झाडायला सांगितली, तर बाईसाहेबांनी आभाळ झाडून आणलं!”

आईने मला तळहातावर घेतलं. बघताक्षणी ओळखलं. तोंड उघडलं, तोच लेक गळ्यात पडली. आई नुसतं म्हणाली, “छान हं.”

तेव्हापासून मी कापसावर लोळते आहे.

आगीच्या गं पोटी जन्म माझा काळा,
कापसाची गादी कशाला गं बाळा?

रोज संध्याकाळी लेक मला पुस्तकातून ‘माझी’ माहिती वाचून दाखवते. उल्कावर्षावातले कण म्हणजे बहुतेक धूमकेतूने वाटेत सांडलेली धूळ. त्यांत दगडी खनिजं, कार्बन, थोडं लोह. सोडियम जळतं तेव्हा पिवळा उजेड पडतो, मॅग्नेशियमचा हिरवट. जमिनीपासून शंभरेक किलोमीटर उंचीवरच बहुतेक कण जळून संपतात. ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. यातली मी कुणीच नव्हे. आणि सांगू कशी? तोंडच नाही.

उद्या वेधशाळेतल्या बाई शाळेत येणार आहेत. भर वर्गात मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणार आहेत. लेकीने गणवेशाला इस्त्रीसुद्धा करून ठेवली आहे.

आत्ता ती पुस्तकावरून बोट फिरवता फिरवता थांबली.

“आई, हे कण भुसभुशीत असतात म्हणे. चिमटीत धरले तरी चुरा होतो. मग माझा का नाही गं चुरत?”

आई भाजी चिरत होती. सुरी थांबली.

“दणकट असेल. म्हणूनच वाचला असेल, ना?” लेकीनेच उत्तर शोधलं.

मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंना नाव देण्याआधी जरा निरखून बघत जा. आणि ज्याला तोंड आहे, त्याने माझ्यासारखं गप्प बसू नये.

आईने हात पुसले. लेकीशेजारी बसली. ठिणग्यांनी पोळलेल्या बोटांनी तिने मला अलगद उचललं.

“डोळे मीट,” ती म्हणाली, “आणि ऐक. हा आभाळातून नाही पडला, बाळा. माझ्या हातून पडलाय.”