दामूची राहती गाडी

"मंग फ्यूज उडाला असंल," गाडीच्या सीटखालच्या बॅटरीच्या खोक्यात डोकं घालून प्रेमा म्हणाली.

"नाय," दामू म्हणाला.

"वायर तुटली?"

"नाय."

"अवो, मंग काय माझा नशीब उडाला?"

गाडीच्या दारात खुर्चीवर बसवलेल्या दामूने यावर काहीच म्हटलं नाही. पौषात अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्याची उजवी बाजू लुळी पडली आणि तोंडातले सगळे शब्द गेले. उरला तो एक 'नाय'. चहा हवा असला तरी नाय, नको असला तरी नाय. त्यांचा मुलगा भाविक तर या एका शब्दापुढे रडकुंडीला यायचा. प्रेमा मात्र किन्हवलीच्या अंगणवाडीत जन्मभर मदतनीस होती. बोलता न येणारी पोरं सांभाळण्यात तिची हयात गेलेली. घरातल्या 'नाय'चा भरवसा नाही, पण दामूला गाडीपाशी आणून बसवलं की त्याचा 'नाय' नेमका पडतो, हे तिच्या दोन दिवसांतच लक्षात आलं होतं. तिथे चुकलं की नाय, आणि बरोबर असलं की तो गप्प.

चुकेल कसा? एसटीच्या डेपोत गाड्यांची वायरिंग करण्यात त्याने उमर काढली होती. रिटायर झाल्यावर एक जुनी बारा सीटर घेतली, मागच्या सीटा काढून पलंग बसवला, टपावर सोलरची पाटी, आत पंखा, दिवे, एवढासा फ्रिज. आता गाडी विकायची जाहिरात टाकताना भाविकने मोबाइलवर 'कॅम्पर व्हॅन' असं झोकात लिहिलं. दामू आपला 'राहती गाडी' म्हणायचा. जन्मभर लोकांच्या प्रवासाची सोय केली, आता बायकोला घेऊन आपण निघायचं, पहिल्यांदा तानसा तलावाला, एवढाच त्याचा बेत होता.

झटक्यानंतर गाडी अंगणात उभी राहिली ती राहिलीच. इंजिन सुरू व्हायचं, पण वेगळ्या बॅटरीवर चालणाऱ्या मागच्या खोलीतला करंट रुसला होता. एक दिवा लावला तर लागायचा; पंख्याचं बटण दाबलं की दिव्यासकट सगळं मरायचं. भाविकने मेकॅनिक आणला, नवी बॅटरी घातली, तरी तेच. "आई, पंखा नाय, औषधाला फ्रिज नाय, या उन्हात दादांना त्यात कसं न्यायचं?" तो म्हणाला होता. "चालू असती तर मीच पहिली तानसाला नेली असती." त्याचंही खोटं नव्हतं. आज दुपारी तो मुरबाडचं गिऱ्हाईक घेऊन येणार होता. त्या गिऱ्हाईकाला गाडीत चायनीजचा धंदा टाकायचा होता. दामूने बसवलेल्या पलंगाच्या जागी शेगडी येणार, या विचाराने प्रेमाला सकाळी भाकरी गिळवली नव्हती.

दामूचा डावा हात हत्यारांच्या पेटीकडे वळला. प्रेमाने एकेक वस्तू उचलून दाखवली. पक्कड? नाय. मीटर? नाय, आणि तोही जरा रागातच. शेवटी हेडलाइटचा बल्ब निघाला, दोन लांब वायरी आणि टोकांना चिमटे लावलेला. दामू गप्प झाला.

"मीटर सांगतो करंट हाय. त्यात दम किती हाय ते बल्ब सांगतो." हे दामूचं वाक्य प्रेमाने जेवताना इतक्या वेळा ऐकलं होतं, की तिला आता हसूच आलं. तेव्हा ती म्हणायची, मला काय करायचाय तुमचा दम, भात वाढू का?

तिने बल्बचे दोन्ही चिमटे बॅटरीच्या दोन टोकांना लावले. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे बॅटरी शाबूत. मग एक चिमटा फ्यूजपाशी आणि दुसरा बॅटरीच्या काळ्या टोकाला. पुन्हा लख्ख. म्हणजे पुढे जाणारी लाल वायरही शाबूत. मग तिने काळ्या टोकावरचा चिमटा काढून गाडीच्या उघड्या लोखंडाला लावला. बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा लालसर झाला.

"नाय! नाय, नाय, नाय!" दामू खुर्चीतून पुढे झुकला.

"थांबा, पडाल! कळला मला. करंट जातो लालमधून आन परत येतो बॉडीतून. त्याची परत यायची वाटच अडली, होय ना?"

दामू गप्प.

प्रेमाने चटई उचलली. बॅटरीची काळी वायर गाडीच्या लोखंडाला जिथे आवळली होती, तो बोल्ट हिरव्यापांढऱ्या बुरशीने माखला होता. तिने नखाने ती खरवडली. आत पिवळं निघालं, मग लाल, आणि मग तांदळाचा एक दाणा.

हळद, कुंकू, अक्षता. ही तिचीच पूजा. दसऱ्याला दामूने बजावलं होतं, फूल वाहा, पण इथे पाणी नको. तो आंघोळीला गेल्यावर तिने खोक्यावरच नारळ फोडला होता आणि पाणी मनोभावे बॅटरीवर शिंपडलं होतं. पूजा कोरडी कशी करायची? ते नारळाचं पाणी झिरपून बोल्टाशी साचलं आणि सहा महिने लोखंड खात बसलं.

"माझ्यामुळंच झाला ओ," ती कशीबशी म्हणाली. "मीच नारळ फोडला तुमच्या गाडीवर."

दामूने तिच्या बोटावरचा दाणा पाहिला. मग त्याचं तोंड एका बाजूला वाकडं झालं आणि घशातून खुदखुद आवाज यायला लागला. ती घाबरली, मग तिला कळलं की तो हसतोय. पौषानंतर पहिल्यांदाच हसत होता.

"हसताय काय!" ती चिडून म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

बोल्ट सोडवायच्या आधी तिने बॅटरीच्या लाल टोकाला पाना लावला, तेव्हा एक सणसणीत 'नाय' आला. "काळी आधी, बरं." काळी वायर सुटल्यावर तिने पॉलिश पेपरने बोल्ट आणि खालचं लोखंड चांदीसारखं चमकेपर्यंत घासलं, परत आवळलं, वर व्हॅसलीन चोपडलं. वायर जोडून पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा तसाच राहिला. फ्रिज घुरघुरायला लागला. घामाने निथळलेली प्रेमा पंख्याखाली उभी राहिली, आणि स्वतःचा तिला फार अभिमान वाटला.

भाविक आला तो गिऱ्हाईकाला घेऊनच. दारातच थबकला. "कोण आला होता दुरुस्त करायला?"

"कोण नाय. तुझा बापूस हाय ना."

प्रज्वल नावाच्या त्या पोरसवदा गिऱ्हाईकाने आत वाकून पाहिलं आणि खूश झाला. "चालू झाली? मग तर झकासच. काकी, कागद आजच करू. द्यायची ना?"

"नाय," दामू म्हणाला.

प्रज्वलने भाविककडे पाहिलं. भाविक ओशाळला. "दादा सगळ्यालाच तसं बोलतात. आजारी हायत."

"भाविक," प्रेमा म्हणाली, "गाडीपाशी ते खोटं बोलत नाय." मग ती नवऱ्याच्या खुर्चीशी येऊन वाकली. "काय ओ, तानसाला जायचा?"

दामू गप्प राहिला.

भाविकने 'नाय' येतो का याची वाट पाहिली. मग प्रज्वलकडे बघून नकारार्थी मान हलवली, चपला दाराशी काढल्या आणि बापाला दोन्ही हातांनी उचलून पंख्याखाली पलंगावर निजवलं.