थांबलेल्यांची नोंद

मुंधिरने लिहिलेल्या क्वेरीला, म्हणजे साठ्याची माहिती मागवणाऱ्या सूचनेला, पाऊण मिनिट लागतं असं लॉग, म्हणजे संगणकाची वेळनोंद, सांगत होता, आणि अम्मानच्या त्या ऑफिसात लॉगवर कुणी शंका घेत नसे. डेटाबेस होता रुग्णालयांच्या औषधसाठ्याचा. तो अडला की औषधांच्या खिडकीशी माणसं ताटकळायची. खापर फोडायला कुणीतरी हवंच असतं. गुरुवारी मुंधिरला कामावरून काढून घरी पाठवायचं ठरलं होतं.

लॉग नव्याने बांधायचं काम रवंदकडे होतं. जुना लॉग क्वेरी आल्यापासून संपेपर्यंतचा सगळा वेळ एकाच आकड्यात कोंबायचा. तिने त्याची फोड केली: क्वेरी राबली किती, दुसरा कुणी नोंद बदलत असताना तिला लागणाऱ्या कुलपापाशी, म्हणजे लॉकपाशी, थांबली किती, आणि तो लॉक धरून कोण बसलंय.

बुधवारी सकाळी तिने नवा लॉग चालू केला. मुंधिरची क्वेरी डोळ्याचं पातं लवतंय तोवर संपत होती. उरलेला सगळा वेळ ती अबू लैथांच्या लॉकपाशी थांबत होती.

अबू लैथ म्हणजे साहेब. रवंदला हे काम त्यांनीच शिकवलेलं. साठ्यातला बदल टाईप करायचा, वेलचीची कॉफी पिऊन यायची, थंड डोक्याने पुन्हा बघायचं आणि मगच पक्का करायचा, ही त्यांची शिस्त. सगळं ऑफिस त्या सावधपणाचे गोडवे गाई. कॉफी होईपर्यंत त्या औषधांची नोंद लॉक राहते, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या वेळात त्यांची क्वेरी चालू नसायची, म्हणून जुना लॉगही गप्प.

"नाव कशाला छापतेस, पोरी?" अबू लैथ म्हणाले. "वेळ दाखव, पुरे. माणसांना चव्हाट्यावर आणायचं काय कारण?"

"मुंधिरचं छापत होतोच की आपण."

त्यांनी कप खाली ठेवला.

"राहू दे नाव. वरती मी सांगतो," ते म्हणाले आणि अर्धवट बदल पक्का करायला उठले.

रवंद धावतच मुंधिरकडे गेली. त्याने स्क्रीन पाहिली, पण चेहरा काही खुलला नाही.

"सहा महिने हीच क्वेरी उलटीपालटी करून लिहितोय," तो म्हणाला. "बायकोला सांगून बसलो, मला हे काम जमत नाही म्हणून."

"आता नाही जायचं तुला."

"चार ओळींची आहे गं. तू कधी वाचलीस?"

तिला शरमेने वर बघवेना.

"लॉगमध्ये आकडा होता ना," एवढंच तिला म्हणता आलं.