झिजलेला बुरूज

मी एका शिपायाच्या टोपीवरचा पितळी बिल्ला. फार थकलोय, जरा जवळ बसून ऐका.

साच्यातून निघालो तेव्हा अंगावर सगळं ठसठशीत होतं. माथ्यावर सिंह, तो देशाचा. मध्ये बुरूज, म्हणजे नेमलेली जागा सोडायची नाही. खाली दोन तलवारी, टोकं जमिनीकडे. म्हणजे उगाच उगारायच्या नाहीत.

महूच्या छावणीत धोंडिबानं मला टोपीवर लावलं. रोज पहाटे घासायचा. फौजेची शिस्तच ती. तो पेन्शनीत गेला, पुढं वारला, आणि मी जुन्या इंदुरात, त्याच्या घरी, बुद्धमूर्तीशेजारच्या फळीवर आलो. वाटलं, आता आराम.

कुठला आराम. त्याच्या बायकोचा, गिरिजाचा, नेम होता. पौर्णिमेला पांढरं लुगडं, उपोसथाचा उपास, आणि वंदनेआधी चिंच-राखेनं आधी दिवा घासायचा, मग मला. माणसं ज्याला जीव लावतात, त्याला स्वस्थ बसू देत नाहीत. सिंहाचं तोंड गेलं, तलवारी गेल्या. बुरजाचा नुसता उंचवटा उरला.

यंदा महूला पलटणीचं संमेलन ठरलं. गेलेल्या शिपायांचे बिल्ले घरच्यांनी लावून यायचं, असा निरोप आला. नातू ज्ञानदीपनं मला उजेडात धरलं.

"आजी, इसमें तो कुछ बचा ही नहीं. महूत नवा मिळतो, घेऊन टाकू."

गिरिजा खालीच बसली. "म्हणजे मीच पुसलं का रे त्यांना?"

संमेलनाला तिनं नवा बिल्ला पदराला लावला आणि मला मुठीत घेतलं. तिथं धोंडिबाच्या तुकडीतले शामजी भेटले.

"भाभीजी, हा कुणाचा? आपल्या धोंडूचा नाही हा."

तिनं मान खाली घालून मूठ उघडली. "त्यांचा हा. माझ्या हातनं सगळं झिजलं."

शामजींनी माझ्यावरून अंगठा फिरवला. फिरवतच राहिले.

"ठसठशीत असतो तो तर नव्या रंगरूटाचा. बिल्ला गुळगुळीत दिसला, की आम्ही बाजूला होऊन वाट द्यायचो, जुना शिपाई म्हणून. धोंडू केव्हाच पेन्शनीत गेला, भाभीजी. पुढची नोकरी तुम्ही केलीत."

नवा काढून त्यांनी मला तिच्या पदराला लावलं.

परवा पौर्णिमा होती. गिरिजानं चिंच भिजवली, दिवा घासला. मी मनात म्हणत होतो, आता पुरे गं, नुसतं बघत जा.

"आई, बिल्ला राहिला," सून धम्मदीना म्हणाली.

गिरिजानं मला कोरड्या पदरानं टिपलं आणि फळीवर ठेवलं.

"राहू दे. रिटायर झाले ते."