मला आडवी करू नका

बसून.

पुढे वाकून. मांडीवर उशी, उशीवर हात, हातांवर कपाळ. खाटेवर मी अशीच असते. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, बाई देवाला नमस्कार करतेय. नमस्कार कसला. तोंडाला कडू थुंकी सुटलेली असते, उशीला माझ्याच घामाचा आंबूस वास, आणि मला हलायचं नसतं.

आडवी झाले की छातीत सुरी फिरते. डाव्या खांद्यात, मानेत. खोल श्वास घेतला तरी फिरते, ढेकर आली तरी. वाकून बसले की थांबते. निघत नाही, नुसती थांबते.

छोट्या रेल्वेगाडीने गोंदिया, तिथून नागपूर. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं. हृदयाभोवती एक पिशवी असते म्हणे, ती सुजली आहे, तिचे दोन पदर एकमेकांवर घासतायत. नळी माझ्याही कानात घातली. कोरी चप्पल करकरावी तसं. मला शिसारी आली. मग मुकुंदला, माझ्या नवऱ्याला ऐकवलं. तो पांढरा पडला.

गोळ्या घेतल्या की बरं. कमी केल्या की पुन्हा ताप, पुन्हा सुरी, पुन्हा नागपूर. एकदा छातीत सुई खुपसून पिशवीतलं पाणी काढलं. गोमूत्राच्या रंगाचं. ते बाटलीत डुचमळताना मी बघत होते. माझंच.

पुन्हा बसून.

गोळ्यांनी तोंड सुजलं. डोळे गालांत बुडाले, हनुवटीवर लव आली. भूक अशी की शिळी कढीही पातेल्याला तोंड लावून पिते, आणि पिताना स्वतःची किळस येते. आरशावर मी टॉवेल टाकून ठेवलाय.

शेजारच्या शेवंताबाई रोज दुपारी येऊन माझा गाल चिमटीत धरतात.

"काय वो प्रेमलता, माहेरचं तूप लागलं वाटते! मैनाबाई, सुनेचे गाल पाह्यले का?"

"गोळ्यांनी सुजलंय."

"हौ का? मंग आमाले बी सांग थ्या गोळ्या."

मैनाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या पदर तोंडाला लावून हसतात. त्यांच्या हिशेबी बिमार माणूस निजलेला असतो. अंगावर पांघरूण, उशाशी तांब्या, तोंडातून कण्हणं. बसलेलं माणूस बरं असतं, आणि बऱ्या माणसाने निदान तांदूळ निवडावेत. म्हणून माझ्यापुढे सूप येतं.

"बिमार माणूस असा बसून राह्यते का कधी? घडीभर नीज, मंग सांग बिमार हाओ म्हणून."

"निजले की श्वास कोंडतो, आत्याबाई."

"बसून बसून पोक येईन तुले. मंग तेच्यासाठी बी नागपूर."

मुकुंद वनखात्यात बाबू आहे. त्याला सगळं माहीत आहे, त्याने ऐकलंय. पण घरात, आईसमोर, त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. खोलीत आल्यावर पुटपुटतो, "आईले मी काय समजावू?" आणि दातात अडकलेली सुपारी नखाने काढत बसतो. ती बघतो. पुन्हा खातो.

आडवी.

गोळ्या पुन्हा कमी केल्या होत्या. दुपारी ताप चढला, आणि आता वाकूनही सुरी थांबेना. हातपाय गार पडले. डोळ्यांपुढे काळं आलं आणि मी उशीवर कोसळले. ऐकू मात्र येत होतं.

"शेवंता! अवो शेवंता, धाव वो! पोरीनं हातपाय टाकले!"

"खाली घ्या तिले, खाली घ्या! खाटेवर जीव गेला तं भटकत राह्यते."

"मुकुंदाले कोण सांगन?"

"माह्या पोराले, बाबूलालले सायकलवर धाडलं हापिसात. तू पाय धर, मैनाबाई."

मरणाऱ्या माणसाला खाटेवरून भुईवर घेतात. भुई सारवतात, सरळ निजवतात, तोंडात गंगाजल घालतात. मी आजारी आहे यावर इतके महिने कुणाचा विश्वास बसला नाही. मी मेले यावर लगेच बसला.

नका

आडवी नका करू

आवाज नाही. पाठीला ओलं शेण. सुरी. श्वास वर येतो, अडतो. कुशीवर वळते. सरळ करतात. गुडघे पोटाशी घेते. ओढतात. खांद्यावर शेवंताबाईंचा गुडघा. मी सरळ राहावी म्हणून

"जीव अडकला वो तिचा. नवऱ्याले पाह्यल्याबिगर जात नाही."

"कुंकू आण, मैनाबाई. सवाष्ण चालली. नशीबवान बाई! आमच्या नशिबी कुठचं असं?"

विधवा शेवंताबाईंचा हेवा, माझ्या कानाशी, गरम. कपाळभर कुंकू. घामात कालवून डोळ्यात. गंगाजलाच्या लोटीचं झाकण फोडलं. किती वर्षांचं पाणी कोण जाणे, कळकलेलं. तुळशीचं पान टाळूला चिकटलं. पाणी घशात गेलं नाही, श्वासात गेलं

आणि खोकला आला.

खोकल्याने छाती फाटली. समोर हात दिसला, त्याला चावले. कचकन. शेवंताबाईंनी किंकाळी फोडली, गुडघा सुटला. मी कोपरावर आले, मग बसले, मग वाकले आणि सगळं ओकले. गंगाजल, तुळस, सकाळचा भात. सारवलेल्या भुईवर, शेवंताबाईंच्या लुगड्यावर.

"अरे बाप रे! भूत शिरलं वो पोरीत!"

बसून.

मुकुंद दारात उभा होता. धापा टाकत. सासूबाई एका दमात सांगत होत्या. भुईवर घेतलेलं माणूस उठलं म्हणजे अपशकुन, भटजी बोलाव, शांती कर, तोवर हिचा हात कशाला लागू देऊ नको.

"अन् आधी सरळ निजव तिले! पाह्य कशी वाकडी होऊन राह्यली!"

मी त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही ऐकलंय. सांगा त्यांना."

तो उंबऱ्यातूनच बोलला. "आई, तिले निजवायचं नाही."

"काहून?"

"निजली तं मरते ते."

"अरे, मरत होती म्हणून तं निजवली!"

त्याने चपला काढल्या. मला वाटलं, संपलं. आता तोच माझे पाय धरणार.

तो आत आला. त्या ओकारीतच मांडी घालून बसला, माझ्याकडे पाठ करून.

"टेक," म्हणाला.

मी टेकले.

"मुकुंदा! ऊठ तिथून! काय घाणीत बसून राह्यला?"

"संध्याकाळच्या गाडीनं हिले नागपूरले नेतो. बसवूनच नेतो. तोवर कोणी हात लावू नका."

"नवऱ्याले बी चावीन ते!" शेवंताबाई हाताला हळद दाबत ओरडल्या.

"चावू द्या."

"हलू नका," मी म्हणाले.

"नाही हलत."

त्याच्या सदऱ्याला घामाचा, बिडीचा आणि आता माझ्या ओकारीचा वास येत होता. मी तोंड तिथेच खुपसलं आणि आत येईल तेवढा श्वास घेतला.